शेतीत घातलेला पैसा वाळूत जात नाही

एकच मेसेज गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. देशाची वाढ मंदावलीय, शेतीत ४६ टक्के माणसं राबतात पण उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम १८ टक्के, सिंचनाचा खर्च म्हणजे वाळूत पाणी. मोठे कारखाने काढा, पोरांना गावाबाहेर काढा, वाढ आपोआप येईल. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या मंडळींनीही तो पुढं पाठवलाय, म्हणून लिहितोय.

आकडे खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. देशाच्या जीडीपीत सुमारे ६० टक्के वाटा घराघरातल्या खर्चाचा. निम्म्या कष्टकऱ्यांच्या हातात पैसाच नसेल, तर त्या मोठ्या कारखान्यांचा माल घ्यायचा कुणी? किर्लोस्करवाडी, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्याचं गाव, १९१० साली माळरानावर उभी राहिली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. त्या कारखान्याचं गिऱ्हाईक शेतकरीच होता.

शेतीवर माणसं जास्त झालीत, हे मलाही मान्य आहे. पण तिथून उठून त्यांनी पुण्यालाच का जायचं? मार्चमध्ये तासगावकडं या, एखाद्या बेदाण्याच्या शेडवर तासभर थांबा. घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, पंधराएक दिवस वाळवतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. मग रॅक झाडायची, काड्या काढायच्या. निवडायला बायका ओळीनं बसतात. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा पडलेला तिसऱ्या ढिगात. पुढं बॉक्स भरणारे, कोल्ड स्टोअरेजवाले, सौद्याचे हमाल. द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर तिला किती हात लागतात ते मोजा. ही सगळी रोजंदारी गावातच तयार होते.

हळदीत मात्र आपण कमी पडलो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं मानांकन मिळालं, तरी हळद बरीचशी पोत्यातच विकली जाते. तिच्यातून कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक काढणारा खरा पैसा करतो. तो उद्योग सांगलीत वाढवायला काय हरकत आहे?

राहिलं वाळूत पाणी. आमच्या जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, देशभर पांगली, ती दुष्काळानं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून अशाच दुष्काळी तालुक्यांत नेलं. योजना रखडल्या, वीजबिल थकलं की पंप बंद पडायचे, हा राग माझाही आहे. पण जिथं पाणी पोचलं तिथं बागा उभ्या राहिल्या, आणि बागेमागून औषधाचं दुकान, टेम्पो, वेल्डिंगवाला आला.

माझा पुतण्या पुण्यात आठ वर्षं राबला, निम्मा पगार खोलीभाड्यात गेला. यंदा त्यानं दोघा मित्रांबरोबर गावात शेड घातलीय. हंगामात तिथं अकरा बायका निवडायला येत होत्या.