ते वाद्य नाही म्हणे, यंत्र आहे!

साथसंगत: २० पैकी ४. शेरा: यांत्रिक साथ.

भजनस्पर्धेच्या गुणपत्रिकेचा हा कागद आठ दिवस माझ्या पर्समध्ये पडून आहे. रोज फाडायला काढते आणि परत घडी घालून ठेवते, कारण हा राग मला शिळा होऊ द्यायचा नाहीये.

आमचं डोंबिवलीतलं १२ बायकांचं भजनी मंडळ. दर गुरुवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सराव. मागच्या रविवारी आषाढीनिमित्त स्पर्धा होती. रूपाचा अभंग, गवळण, शेवटी भारूड आणि सगळं मिळून १५ मिनिटं. बायका जीव तोडून गायल्या. गवळणीला तर मागच्या रांगेतले एक आजोबा बरोबर समेवर टाळी देत होते. आम्ही खूश होऊन खाली उतरलो आणि परीक्षकांनी माइक हातात घेतला. "भाव चांगला होता. पण त्या ताई जे काही बडवत होत्या ना, ते वाद्य नाही हो. ते यंत्र आहे. भजनात यंत्राला स्थान नाही."

"त्या ताई" म्हणजे मी. "जे काही" म्हणजे माझा ऑक्टोपॅड, काठ्यांनी वाजवायचा आठ रबरी पॅडांचा इलेक्ट्रॉनिक डबा. हॉल हसला. आमच्याच मंडळातल्या दोघीसुद्धा हसल्या, त्यांच्याकडे नंतर बघते.

आता पुढचा कहर ऐका. "मार्गदर्शन" म्हणून साहेबांनी स्वतः एक अभंग म्हणून दाखवला. खिशातून मोबाइल काढला, अ‍ॅपवर तानपुरा सुरू केला, काळी दोन. दुसऱ्या मोबाइलवर तबला लावला, भजनी ठेका, लय बोटाने वरखाली करून हवी तशी आणली. दोन्ही फोन माइकजवळ धरायला एक पोरगा उभा केला. त्या पोराचा हात जरा हलला की तबला लांब जायचा आणि साहेब डोळे वटारायचे. पण ते यंत्र नव्हे बरं का. ती सोय. आम्ही केलं की यंत्र, यांनी केली की सोय!

अहो, त्या फोनमधला तबला बेताल होऊ शकत नाही. तुम्ही सम चुकलात तरी तो आपला ठरलेल्या लयीत चालत राहतो, त्याला तुमचं सोयरसुतक नाही. माझा ऑक्टोपॅड? मी हात उचलला की तो गप्प. मी घाबरले की लय पळते. मागच्या वर्षी हरिपाठात टाळकरणीचा पाय फूटस्विचवर पडला, अख्खं किट, म्हणजे पॅडांवर बसवलेले सगळे आवाज, बदललं आणि "देवाचिये द्वारी" चालू असताना पखवाजाच्या जागी शिट्टी वाजली. खणखणीत शिट्टी! ५०-६० माणसांसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर माणूस चुकू शकतो, ज्याच्यावर त्याची फजिती होऊ शकते, ते वाद्य. माझ्या लेखी एवढी एकच कसोटी आहे, आणि तिला तो फोन उतरत नाही, मी उतरते.

पण हे ऐकायला कुणाला वेळ आहे! "बटण दाबलं की वाजतं" एवढंच सगळ्यांचं ज्ञान. कुठलं बटण, जरा दाखवा तरी. माझा पॅड रोलँड कंपनीचा एसपीडी-२०. १९९८ सालचं मॉडेल, मी सेकंडहँड घेतला २२ हजारांना, भिशी लागली तेव्हा. वर चार, खाली चार असे आठ रबरी पॅड. आत ७०० आवाज आहेत, मी वापरते जेमतेम ११. बाकीचे कुठल्या कुठल्या देशांचे ढोल, ते तसेच पडून आहेत. खालच्या ओळीत पखवाजाची थाप, डग्गा, चाट, ढोलकी. वरच्या ओळीत झांज, टाळ, घुंगरू, आणि एक पॅड मुद्दाम मुका ठेवलाय, कारण तिथे माझी काठी चुकून पडते. हे किट बसवायला मला तीन महिने लागले. सुरुवातीला एका पॅडवर मारलं की शेजारचा बोलायचा. संवेदनशीलता कमी केली तर हलका हात लागेना, वाढवली तर साउंडवाल्याच्या स्पीकरच्या हादऱ्यानेच घुंगरू वाजायचं. शेवटी स्टँडखाली दारातलं जुनं पायपुसणं चार पदरी घडी करून घातलं तेव्हा थांबलं. ढोलकीचा घुमारा काठीने काढायला तर अजून धडपडते आहे. हाताचा तळवा चामड्यावर सरकवून जो आवाज निघतो तो रबरावर कसा निघणार? मग दोन आवाज एकावर एक चढवायचे, एकाचा सूर खाली घसरेल असं बसवायचं, आणि मग काठी नेमक्या जोराने मारायची. जोर कमी पडला की "घुम"ऐवजी "डब". हे बटण दाबणं आहे होय?

मी दहावीपर्यंत तबला शिकलेय. मारूनमुटकून नाही, आवडीने. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, मुलं. तबला माहेरी माळ्यावर गेला आणि तिथेच त्याची शाई उडाली. चाळिशीनंतर परत बसायचं म्हटलं तर गुडघा मांडी घालू देईना. तबल्यापुढे खुर्चीवर बसून बघितलं, कंबर धरली. पॅड स्टँडवर राहतो, मी स्टुलावर राहते, दोघांचं बरं चाललंय. माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील, ज्यांच्या हातात ठेका आहे पण गुडघ्यात दम नाही. त्यांनी काय फक्त टाळ्या वाजवायच्या?

आणि मंडळाचं म्हणाल तर आधी आम्ही तबलजी बोलवायचो. कार्यक्रमाचे पैसे, जाण्यायेण्याची रिक्षा, वर चहा. एवढं करून ऐन गोकुळाष्टमीला फोन यायचा, "काकू, आज जमत नाही, दुसरीकडे सुपारी आहे." मग आम्ही नुसत्या टाळांवर. चार वर्षं हे सोसलं. मी पॅड घेतल्यापासून एक कार्यक्रम रद्द झालेला नाही. हे त्या गुणपत्रिकेत कुठे लिहायचं असतं?

आता परंपरेबद्दल बोलू, कारण परीक्षकांचा लाडका शब्द तो. साहेबांच्या शेजारी पेटी ठेवली होती. हार घातलेली, हळदकुंकू लावलेली. ती पेटी कुठली हो? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडलेलं वाद्य. पायाने भाता मारायचा, खुर्चीत बसून वाजवायची. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि ती जमिनीवर आपल्या पुढ्यात येऊन बसली. आपण तिला नावसुद्धा काय दिलं, तर पेटी! खोकं! कुठल्या जुन्या वाद्याचं नाव नाही, सरळ सामानाचं नाव. आणि या खोक्यावर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली होती, ती पार १९७१ पर्यंत. ३१ वर्षं. कारण काय? पेटीत मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, सांभाळल्या जात नाहीत, सूर ठोकळेबाज. थोडक्यात, हे परकं यंत्र आहे, याला आपल्या संगीतात स्थान नाही. तेव्हाच्या विद्वानांचं वाक्य आणि रविवारच्या साहेबांचं वाक्य, दोन्हींत काडीचा फरक नाही. त्या बंदीच्या आधीच गोविंदराव टेंब्यांनी याच पेटीवर नाव कमावलं होतं, हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही. आमच्या नाट्यसंगीतातला ऑर्गन तर अजूनही पायानेच वाजतो, विलायतेचा ठसा अंगावर घेऊन. त्याच्याशिवाय नांदी सुनीसुनी वाटते म्हणतात. वाटतेच.

मुंबईतली बेंजो पार्टी घ्या. कोळीवाड्यात हळदीला बेंजो वाजला नाही तर हळद लागली असं कुणी मानत नाही. तो बेंजो मूळचा जपानी! नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवली, कारण सामान्य माणसाला झटकन वाजवता यावं. सोपं व्हावं म्हणूनच जन्माला आलेलं वाद्य ते. आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप लावला, भोंगे लावले, आणि आज तो "आपला पारंपरिक बेंजो" आहे. बटणं आहेत, वीज आहे, परदेशी आहे. यादीतले सगळे गुन्हे केलेत त्याने.

आणि सोपं असणं हा गुन्हा असेल तर टाळाचं काय करायचं? वारीतला टाळ वाजवायला कुणी गंडा बांधला होता? शेतातून उठून आलेला माणूस टाळ हातात घेतो आणि दुसऱ्या अभंगाला लयीत असतो. म्हणूनच तर वारी चालते! हजारो माणसं एका लयीत पावली टाकतात, ती काही सगळी विशारद नसतात. तिथे सोपेपणाचं कौतुक, "भोळ्या भक्तांचं वाद्य" वगैरे. माझ्या पॅडच्या वेळी मात्र साधना आठवते.

मघापासून तोंडाशी आलेलं एक नाव घेतेच. चरणजित सिंग. मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं समोर मांडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक यंत्र तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून निघालेलं. कुणी ढुंकून बघितलं नाही, रेकॉर्ड पडून राहिली. २०१० मध्ये ती युरोपातून परत निघाली तेव्हा तिकडच्या लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण त्यांचं जे नवं संगीत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शिकागोत उगवलं असं ते समजत होते, तसलंच काहीतरी हा गृहस्थ मुंबईत आधीच वाजवून बसला होता. आपल्याकडे कुणीतरी त्याला तेव्हा नक्की म्हणालं असणार, "अहो, ते वाद्य नाही हो."

बरं, मला सगळंच मान्य आहे असंही नाही. कीबोर्डवर स्टाइल लावायची, डाव्या हाताने एक सूर दाबून ठेवायचा, मागे अख्खा बँड आपोआप वाजतो आणि वर स्वतःला वादक म्हणवून घ्यायचं, याला माझाही विरोध आहे. आमच्याच सोसायटीत एक आहे तसा, गणपतीत वात आणतो. आणि एका बाजूचा राग मला कळतो. आर्केस्ट्रात पूर्वी ढोलकी, संबळ, हलगी, ताशा वाजवणारी चार माणसं असायची, आता एक पॅडवाला बोलावतात आणि तीन पाकिटं वाचवतात. मिरजेचं तसंच. पंढरपूरकडचा भोपळा घेऊन तंबोरा घडवणारे कारागीर, २०२४ मध्ये त्यांच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. १९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, तेव्हापासून घरोघरी तो छोटा डबा गेला आणि आता तर फोनच. मिरजेचा कारागीर माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "बाई, तुमच्या डब्यांनी आमचं पोट मारलं," तर मी मान खाली घालेन. त्याचा हक्क आहे. ज्याच्या खिशात तोच तंबोरा अ‍ॅप होऊन बसलाय त्या परीक्षकाचा नाही.

मला खरं डाचतं ते वेगळंच. मोठा गवई मैफलीत मशीनचा तानपुरा लावतो तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. क्लासमध्ये तबला मशीनवर रियाज चालतो, गुरुजीच सांगतात घ्या म्हणून. पाळी आमच्यावर आली, चार बायकांनी भिशीच्या पैशांतून एक डबा आणला, कुणाला विचारलं नाही, कुणा तबलजीला सुपारी दिली नाही, तेव्हाच बरं सगळ्यांना वाद्याची व्याख्या आठवते. खाली उतरल्यावर एक गृहस्थ मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, बायकांनी टाळ वाजवावा, शोभतो." घ्या! म्हणजे दुखणं पॅडचं नव्हतंच. मी पखवाज मांडीवर घेतला असता तरी काहीतरी निघालंच असतं. तबला वाजवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक, आबान मिस्त्री, तबल्याला बसल्या तेव्हा त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

घरी आले तर मुलगा म्हणाला, "आई, सोड ना, चार मार्कांनी काय होतं." सोडते कशाला? सोळा गेलेत. त्या सोळांनी आमचा तिसरा नंबर गेला, मी बेरीज करून बघितली आहे.

काल कार्तिकीच्या स्पर्धेचा फॉर्म आला, आयोजक वेगळे. उत्साहाने उघडला. नियम क्रमांक ७: "स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरण्यास सक्त मनाई आहे."

वाद्ये! बघा, बंदी घालताना का होईना, लिहावं लागलंच.

नियम क्रमांक ८: "तानपुरा मशीन आयोजकांतर्फे पुरवले जाईल."