अडकलेल्या पानाचे चार रुपये

ऐरोलीची मुलाखत कशी झाली ते इतक्यात विचारू नका. माझा राग नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्या काकांवर आहे आणि तो बरोबर चार रुपयांचा आहे.

सकाळी घाईघाईत बायोडाटा छापायला गेलो. काकांचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, हे मला ठाऊक नव्हतं. व्हॉट्सॅपवर फाइल पाठवली, तर त्यांनी चष्मा लावून ती वाचायलाच घेतली. मोठ्यानं. माझ्यामागे रांगेत दाखल्याच्या प्रती काढायला आलेली एक मुलगी आणि आधार कार्ड घेऊन एक आजोबा.

"वर श्री गणेशाय नमः नाही?"

"नोकरीचा आहे, काका."

"मग? नोकरी त्याच्या इच्छेशिवाय मिळते होय? उंची नाही, रास नाही. मामांचं नाव-गाव तरी टाका."

"कंपनीला मामा कशाला लागतो?"

"तिथं मामा असता तर प्रिंट काढायला आला असतात का?"

आजोबा खदखदून हसले.

काकांनी पुढं वाचलं, "चार वर्षं दोन महिने. मग का सुटलं?"

ऑफिसनं मला अशा वेळी काय बोलायचं ते शिकवलं आहे. "रीस्ट्रक्चरिंग झालं."

"म्हणजे सासरच्यांनी घालवलं."

"राजीनामा मी दिला."

"द्यायला लावला असेल." मुलगीही आता माझ्याकडे कणवेनं पाहू लागली. "आणि हे रिलीव्हिंग लेटर म्हणजे सोडचिठ्ठीच की! ती आधी जोडा. दुसरेपणाला लोक तेच पहिलं बघतात. आणि अपेक्षांचा रकाना कोरा ठेवू नये. 'अनुरूप' लिहायचं. कुणी दुखावत नाही."

हसू आलं, पण सोडचिठ्ठी हा शब्द लागलाच. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेला, कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं दोन महिने झाल्यावर मला 'पाच मिनिटं येऊन जा' म्हणून आत बोलावलं. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. हे सूत्र मला झोपेतही येतं, कारण पगार विभागात बसून इतरांसाठी ते एक्सेलमध्ये मीच लावत होतो. महिन्यातले रविवार वगळून २६ दिवस धरायचे. रविवार वगळलेला मी तेवढ्या एका सूत्रातच पाहिला. एरवी बॉसचा 'एक क्विक कॉल' रविवारी दुपारी, वरण-भात कालवल्यावरच यायचा.

बायोडाट्यात मी 'टीम प्लेअर' वगैरे लिहिलं आहे. खरं शिक्षण निराळंच. 'करतो' म्हणजे करावं लागतं, 'बघतो' म्हणजे लागत नाही. वाढदिवसाच्या केकची वर्गणी गोळा करायला एकदा हो म्हटलं की ते खातं जन्मभर आपल्याकडे. रात्री अकराला मेलला उत्तर दिलं की कौतुक होत नाही, रात्री अकराला मेल येऊ लागतात. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

एवढ्यात काकांच्या प्रिंटरनं पान गिळलं. काकांनी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. मला राहवेना. काउंटरमागे शिरलो, मागचं झाकण उघडलं, पान दोन्ही हातांनी सरळ ओढून काढलं, रुमालानं रोलर पुसला. यंत्र सुरू. रांगेला हायसं वाटलं. चार वर्षांत माझं इतकं उघड कौतुक कुणी केलं नव्हतं.

"कुठं शिकलात?"

"ऑफिसात."

"मग ते यात का नाही लिहिलं?"

आणि मग बिल. बारा पानांचे अठ्ठेचाळीस झाले, काकांनी सांगितले बावन्न.

"वरचे चार कसले?"

"अडकलेल्या पानाचे. कागद फुकट गेला ना!"

ज्याचा प्रिंटर फुकटात दुरुस्त केला त्यानं! भांडणार होतो, पण गाडी चुकली असती. स्कॅन केलं. डबीतल्या बाईंनी सगळ्या गल्लीला बावन्न रुपये प्राप्त झाल्याचं कळवलं.

ऐरोलीत काचेच्या खोलीत पोरसवदा मॅनेजर बसला होता. मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या. काम मी करणार यांचं, पगार ठरणार जुन्यांच्या मापानं; हे मला कुणी तरी समजावून सांगा. मग विचारलं, आधीची नोकरी का सोडली? 'सासरच्यांनी' जिभेवर आलं होतं, पाण्याबरोबर गिळलं.

"आणि तुमची अपेक्षा?"

"अनुरूप," मी म्हणून गेलो.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग फाइल मिटून म्हणाला, "कळवतो."