‘चार पैसे’ आणि निर्बंध : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

न्यूझीलंडमधील मूळनिवासी माओरींचा ‘ते पाती माओरी’ हा पक्ष आणि निर्बंध लादलेल्या देशांत पाठवला जाणारा पैसा यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. कुटुंबाला पाठवलेल्या पैशाला निर्बंधांतून सूट मिळावी ही मागणी या पक्षाने पुढे न्यावी, असे मी त्यात लिहिले होते. आपल्या प्रतिक्रियेतील एक दुरुस्ती मी विनातक्रार मान्य करतो : रशिया निर्बंध कायदा न्यूझीलंडच्या संसदेने एप्रिलमध्ये नव्हे, तर ९ मार्च २०२२ रोजी एकमताने संमत केला. एप्रिलमध्ये रशियन मालावर ३५ टक्के आयातशुल्क लागू झाले. माझी गल्लत तिथे झाली.

मात्र “ऑकलंडला चार पैसे कमवायला गेलेल्यांनी मूळनिवासींच्या पक्षाचे मन वाचू नये” हे आपले वाक्य मी तसेच सोडणार नाही. ‘चार पैसे’ हे शब्द कोणत्या सुरात लिहिले गेले, ते न कळण्याइतका मी भाबडा नाही. माझे वडील मुंबईतील गिरणीत साचेखात्यात होते आणि दरमहा रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी मनीऑर्डर पाठवत. पोस्टमन येईपर्यंत आजी वाण्याकडची उधारी थोपवून धरी. ते चार पैसेच होते, महोदय. मी स्वतः दक्षिण ऑकलंडमध्ये परदेशी पैसे पाठवण्याच्या खिडकीमागे नऊ वर्षे बसलो आहे. पगार झाला की टोंगा आणि सामोआ या प्रशांत महासागरातील बेटांवरून आलेल्या कामगारांची रांग दारापर्यंत जाई. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम अशा पैशांतून येते. पुढे काळ्या पैशाविरोधातील २००९ च्या कायद्याची जोखीम नको म्हणून आमच्या बँकेने एका पत्रासरशी आमचे खाते बंद केले. टोंगावर कोणतेही निर्बंध नव्हते, तरी शिक्षा झाली ती तिथल्या आयांना. हे तुम्ही पाहिले आहे का? मी पाहिले आहे.

शिवाय मी पक्षाचे मन वाचलेले नाही, त्याचे मतदान वाचले आहे. २०२२ मध्ये या पक्षाचे दोन खासदार होते आणि दोघेही रशिया कायद्याच्या बाजूने होते. २०२५ मध्ये, सहा खासदारांनिशी, त्याच धर्तीवर इस्रायलविरुद्ध निर्बंध सुचवणाऱ्या ग्रीन पक्षाच्या क्लोई स्वारब्रिक यांच्या विधेयकाला त्याने पाठिंबा दिला. तरीही कुटुंबाच्या पैशाला स्पष्ट सूट असावी, ही मागणी याच पक्षाने पुढे न्यावी असे मी लिहिले (त्याने ती केली आहे, असे लिहिलेले नाही, कृपया पुन्हा वाचावे). त्यामागचे कारण इतिहासात आहे. १८६३ च्या कायद्याने वायकाटो आणि तारानाकी येथील माओरींच्या जमिनी बंडाच्या नावाखाली जप्त झाल्या, तेव्हा बंडात नसलेल्यांच्याही गेल्या. राज्यकर्त्याला लावलेला दंड सरसकट साऱ्या समाजाकडून वसूल झाला की काय होते, हे ज्यांच्या घरात दीडशे वर्षे सांगितले जाते, त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवणे आपल्याला ‘आगाऊपणा’ वाटत असेल, तर वाटो.

उत्तर कोरियाचे आपले उदाहरण इथे गैरलागू आहे. ते निर्बंध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे आहेत, न्यूझीलंडने स्वतःहून लादलेले नाहीत. रशियाकडे तिथे नकाराधिकार असल्यामुळेच तर न्यूझीलंडला वेगळा कायदा करावा लागला. राहिला आपला मुद्दा, की पैशावर नाव लिहिलेले नसते आणि आईला पाठवलेली रक्कमही करांच्या वाटेने शेवटी तोफेपर्यंत पोहोचते. हा पाठ्यपुस्तकी युक्तिवाद असून त्यावर इथे जागा खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही.

तारखेची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. पुढील प्रतिक्रिया टोपणनावाआडून न लिहिल्यास उत्तर द्यायला अधिक आनंद वाटेल.