नुसत्या षटकोनांनी गोल झाकता येत नाही

गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतोय : "षटकोन हा निसर्गाचा परिपूर्ण आकार. मधाच्या पोळ्यात षटकोन, आणि बारीक कण गोलावर पसरले तरी आपोआप बिनचूक षटकोनच जुळतात. पंचकोन दिसला तर समजा बिघाड." माझ्या वर्गातली पोरं हे पाठ म्हणायला लागली, म्हणून लिहितो.

पोळ्याचं खरं आहे. पण पोळं सपाट असतं.

"गोलावरही षटकोनच." हे होऊच शकत नाही. षटकोनाचा कोपरा १२० अंशांचा. तीन कोपरे भिडले की ३६० अंश भरले, जागा सपाट झाली. जोडत जा, चटई होईल, चेंडू होणार नाही. वळण यायचं तर कुठेतरी कोन कमी पडायला हवा. ऑयलर या गणितज्ञाच्या, कोपरे-कडा-पृष्ठं यांचं नातं सांगणाऱ्या सूत्रातून हिशेब निघतो : फक्त षटकोन आणि पंचकोन वापरले आणि दर कोपऱ्यावर तीन आकृत्या मिळत असतील, तर षटकोन वीस असोत की वीस हजार, पंचकोन नेमके १२ लागतात. जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवरचे काळे तुकडे मोजा.

आमच्या बुरूडकाकूंना सूत्राची गरज पडत नाही. कोंबड्या झाकायचं डालगं त्या सहा बाजूंच्या डोळ्यांनी, म्हणजे विणीतल्या भोकांनी, विणतात. माथा संपून बाजू उतरू लागली की एकेक डोळा पाचाचा घेतात. "पाचाचा डोया घेतल्याबिगर डालगं वयतच नाई, मास्तर." सरळ उभ्या भिंतीपर्यंत असे सहा डोळे, अर्ध्या गोलाला बाराचे निम्मे.

"कण आपोआप बिनचूक जुळतात." आपोआप, हे खरं. २००३ साली तेलातल्या पाण्याच्या थेंबांवर पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म मणी बसवून पाहिले गेले. मणी थेंबाच्या पृष्ठभागावर अडकतात, एकमेकांना दूर ढकलतात आणि स्वतःच रांगा लावतात. बहुतेकांना सहा शेजारी मिळतात, काहींना पाचच; पाचवाला मणी म्हणजे इथला पंचकोन. पण मणी सुमारे ३६० च्या पुढे गेले की पाच शेजाऱ्यांचे बारा सुटे मणीही पुरत नाहीत. पाच आणि सात शेजाऱ्यांचे मणी आळीपाळीने लागून व्रणासारख्या रेघा उमटतात. रेघ कितीही लांबली, तरी तिच्यात पाचवाले सातवाल्यांपेक्षा एकाने जास्तच.

"पंचकोन म्हणजे बिघाड." मग पोलिओच्या विषाणूचं प्रथिनांचं कवच बिघडलेलं म्हणायचं का? त्यावर पाच-पाचाच्या जुळणीच्या बारा जागा आहेत. १९८५ साली सापडलेल्या साठ कार्बन अणूंच्या गोल रेणूतही बाराच पंचकोन.

परवा काकूंचं नवं डालगं हातात घेऊन मोजलं. खालची कड बाहेर फाकली होती. तिथे सात बाजूंचे डोळे होते.