टूलकिट पुष्कळ झाली, पाठपुरावा कोण करणार?

कर्करोग टाळण्यासाठी काय करावे, हे शोधण्याचे काम बऱ्याच अंशी झालेले आहे. आज हाती असलेले ज्ञान नीट वापरले, तर 30 ते 50 टक्के कर्करोग टाळता येतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची एचपीव्ही लस आहे, गर्भाशयमुखाची तपासणी आहे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाच्या नमुन्यातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी फिट चाचणी आहे, तंबाखू सोडवण्याच्या कसोटीला उतरलेल्या पद्धती आहेत. पण ज्यांना यांची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत त्या सर्वांत शेवटी पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत. हे का घडते आणि ते कसे बदलावे, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे अंमलबजावणीशास्त्र, अर्थात इम्प्लिमेंटेशन सायन्स. या शास्त्राने आराखडे, मार्गदर्शिका आणि टूलकिट, म्हणजे वापरायला तयार साधनसंच, यांचा मोठा साठा तयार केला आहे. माझा आक्षेप असा की, यांतील बहुतेक साधने आरोग्य केंद्राला आधी ‘काय राबवले’ असे विचारतात आणि ‘कोण सुटले’ हा प्रश्न, विचारलाच तर, अखेरीस विचारतात. समता हे उद्दिष्ट असेल, तर सुरुवात सुटलेल्यांपासून करावी लागेल.

1999 मध्ये ग्लासगो, वोग्ट आणि बोल्स या संशोधकांनी आरोग्य कार्यक्रमांचे मूल्यमापन करण्यासाठी मांडलेल्या री-एम आराखड्यात पोहोच, परिणामकारकता, स्वीकार, अंमलबजावणी आणि टिकाव असे पाच निकष आहेत. त्यांत पोहोच पहिली ठेवली आहे, आणि तिच्यात किती जणांबरोबर कोणत्या जणांपर्यंत पोहोचलो हेही अभिप्रेत आहे. अहवालात मात्र अनेकदा एकच सरासरी उतरते. समजा, एखाद्या केंद्रातील तपासणीचे प्रमाण 50 वरून 60 टक्क्यांवर गेले. ही सगळी वाढ ज्यांच्याकडे फोन आहे, ज्यांना संदेश वाचता येतो आणि ज्यांना कामावरून रजा मिळते, अशांमधूनच आलेली असू शकते. तसे असेल, तर कार्यक्रम यशस्वी झाला आणि दरी वाढली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरतात. म्हणून भाषा, उत्पन्न, विमा, वस्ती यांनुसार आकडे वेगळे काढण्याची सोय नोंदवहीत पहिल्या दिवसापासून हवी. प्रकल्प संपल्यावर ती माहिती मागे जाऊन गोळा करता येत नाही.

दरी मिटवता येते, याचा पुरावा आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी राज्यव्यापी कार्यक्रम राबवला. विमा नसलेल्यांच्या तपासणीचा खर्च उचलला, रोग आढळल्यास उपचारांच्या खर्चाची दोन वर्षे तरतूद केली, रुग्णाला वाट दाखवणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि आफ्रिकी-अमेरिकी समाजात जाणीवपूर्वक काम केले. 2001 ते 2009 या काळात आफ्रिकी-अमेरिकी लोकांमधील तपासणीचे प्रमाण 48 वरून 74 टक्क्यांवर गेले, गोऱ्यांमध्ये ते 58 वरून 74 झाले. दोन्ही गट एकाच आकड्यावर आले. या यशातील कोणताही घटक वैज्ञानिकदृष्ट्या नवा नव्हता. पैसे, माणसे आणि कोणाकडे आधी जायचे याचा निर्णय या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या, आणि नेमक्या याच गोष्टी कोणत्याही टूलकिटच्या पानांत भरून पाठवता येत नाहीत.

रुग्णाला वाट दाखवण्याची ही कल्पना शल्यचिकित्सक हॅरॉल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये प्रत्यक्षात आणली. तिथे स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण आधी 39 टक्के होते, ते पुढे 70 टक्क्यांवर गेले. या काळात मोफत वा स्वस्त तपासणीही उपलब्ध होती, त्यामुळे सगळे श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. पण फ्रीमन यांनी पकडलेली दुखरी जागा आजही तीच आहे : संशयास्पद निष्कर्ष आणि निदान-उपचार यांमधील अंतर. फिट चाचणी घरी करता येते हे तिचे मोठे बळ आहे. मात्र तिच्यात रक्त आढळल्यावर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली नाही, तर त्या रुग्णाच्या हाती चिंतेपलीकडे काहीच पडत नाही. तरीही ‘इतक्या चाचण्या केल्या’ हाच आकडा अभिमानाने सांगितला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 2030 पर्यंतची जागतिक उद्दिष्टे ठरवताना 90 टक्के मुलींचे लसीकरण आणि 70 टक्के स्त्रियांची तपासणी यांच्या जोडीला, रोग आढळलेल्यांपैकी 90 टक्क्यांना उपचार हेही उद्दिष्ट ठेवले, हे मला म्हणूनच योग्य वाटते.

आता साधनांच्या आकाराविषयी. 2015 मध्ये तज्ज्ञांनी अंमलबजावणीच्या 73 युक्त्यांची सूची तयार केली. संशोधकांना परस्परांशी नेमके बोलता यावे, यासाठी ती उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मोजक्या परिचारिकांवर चालणाऱ्या केंद्राला ती तशीच देणे म्हणजे भुकेल्याला पाककृतींचा कोश देण्यासारखे आहे. अशा केंद्राला फोनवर काय बोलायचे याचा रुग्णाच्या भाषेतील मसुदा हवा असतो, पाठपुरावा राहिलेल्यांची यादी संगणकातून काढण्याची सोपी रीत हवी असते, आणि अहवाल आल्यानंतर पुढची जबाबदारी कोणाची हे ठरवणारा एक कागद हवा असतो. मूळ पद्धतीत केंद्राने काय आणि का बदलले, याचीही नोंद व्हावी. हे बदल पुष्कळदा केंद्राला आपल्या रुग्णांची असलेली जाण दाखवतात. त्यांना सरसकट चूक ठरवू नये.

कोणती कामे थांबवावीत, याचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. शिफारशीपेक्षा अधिक वेळा होणाऱ्या तपासण्या, किंवा ज्या वयात लाभाहून त्रास अधिक त्या वयात केलेल्या तपासण्या, बहुधा आधीपासून नियमित येणाऱ्यांच्याच होतात. त्या कमी केल्या, तर तेवढा वेळ कधीच न आलेल्यांसाठी मोकळा होतो.

राहिला प्रश्न टिकावाचा. रुग्णाला वाट दाखवण्यासाठी संशोधन निधीतून नेमलेला कर्मचारी निधी संपताच जातो आणि त्याने जोडलेली माणसे पुन्हा यादीबाहेर पडतात. समतेच्या नावाने निधी देणाऱ्या संस्थांनी मंजुरीच्या वेळीच अर्जदाराला विचारावे, की प्रकल्पानंतर या पदाचा पगार कोणत्या अंदाजपत्रकातून निघणार आहे, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.