लहान मुलांना कचऱ्याविषयी शिकवू नये, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांपासून आमच्या भागातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पहिली ते पाचवीच्या मुलांना कचऱ्याचे धडे देणे म्हणजे अभ्यासाचा वेळ फुकट घालवणे होय, कचरा पर्यटक आणि कंपन्या करतात, मुले नव्हेत, एवढ्या लहान वयात त्यांना त्यातले काही कळत नाही, आपल्या आजोबांना हे कोणी शिकवले नव्हते, ते कचरा जाळून मोकळे होत, सफाई हे ग्रामपंचायतीचे काम असताना शाळा मुलांना सफाई कामगार बनवत आहे, आणि मुलांना शिकवून मोठी माणसे काही बदलत नाहीत, तेव्हा अशा उपक्रमाच्या दिवशी मुलांना घरीच ठेवावे. मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. संदेश पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे पालकही आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही, म्हणूनच हे उत्तर.

पर्यटकांविषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे. मुरूड, कर्दे, गणपतीपुळे, तारकर्ली येथे सुट्टीच्या दिवसांनंतर पुळणीवर काय पडलेले असते, ते आपण सगळेच पाहतो. परंतु मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) लोंढ्याबरोबर ज्या दुधाच्या पिशव्या, पानमसाल्याच्या पुड्या, वेफरची पाकिटे आणि तुटक्या चपला वाहत येतात, त्या आपल्याच वाड्यांतल्या असतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उघड्यावर टाकलेले काहीच जागेवर राहत नाही. वहाळातले खाडीत जाते, खाडीतले समुद्रात, आणि उधाणाला समुद्र ते फाटक्या जाळ्यांच्या तुकड्यांसह परत आणून टाकतो.

कंपन्यांविषयीची तक्रार तर शिकवण्याच्याच बाजूची आहे. प्लास्टिकची वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ती पार पाडली जाते का, हे विचारण्याआधी पाकिटावरचे नाव वाचता आले पाहिजे. आमच्या तिसरीच्या वर्गात मुले आठवडाभर घरातली रिकामी, धुतलेली पाकिटे आणतात, त्यांवरील उत्पादकाचे नाव, गाव, किंमत आणि तारीख वाचून वहीत उतरवतात आणि त्यांचा चित्रालेख काढतात. यात वाचन आहे, गणित आहे आणि परिसर अभ्यासही आहे. अभ्यासाचा वेळ कोठे फुकट गेला, हे मला खरोखरच दिसत नाही.

वयाच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबावेसे वाटते, कारण तोच अनेकांना सर्वांत पटलेला दिसतो. आठ वर्षांच्या मुलाला ‘पर्यावरण’ या शब्दाची व्याख्या नीट सांगता येणार नाही, हे मान्य. पण कुजणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या घरामागे उकिरडा आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळा तोंडावर आल्याच्या सुमारास आम्ही शाळेच्या परसात हातभर खोल चर खणतो आणि त्यात केळीची साल, पातेरा, नारळाचे सोडण (वरची काथ्याची साल), चहाचा कागदी पेला आणि वेफरचे पाकीट ओळीने पुरतो. प्रत्येकाच्या डोक्याशी बांबूची खूण रोवली जाते आणि काय उरेल याचा अंदाज प्रत्येक मूल आपल्या वहीत लिहून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर चर उकरला की साल सापडत नाही, पातेऱ्याची माती झालेली असते, सोडण काळे पडलेले पण धरून असते. पेल्याचा कागद गळून गेलेला असतो, मात्र त्याच्या आतले प्लास्टिकचे पातळ अस्तर तसेच हाती येते. पाकीट धुतले की पुन्हा चमकते. कागदी पेला म्हणजे निव्वळ कागद, असा समज मोठ्यांचाही असतो आणि तो मुलांच्या डोळ्यांसमोर मोडतो. पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे भंगारवालाही ते घेत नाही, हे सांगितल्यावर मग त्यांना नवल वाटत नाही. ब्रिटनमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समुद्री कचऱ्याविषयी शिकवल्यानंतर मुलांची समज वाढल्याचे आढळले. शिवाय पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला आहे.

आजोबा कचरा जाळत, हे खरे आहे. ते काय जाळत, हे संदेशात नाही. पातेरा आणि गवत भाजावळीला, म्हणजे भाताची रोपे करण्याची तरव्याची जमीन भाजायला जाई, झाप (माडाच्या झावळ्या) आणि सोडणे न्हाणीच्या चुलीत, खरकटे गोठ्यात, आणि करवंटीचा डाव (पळी) होई. घरातल्या प्रत्येक टाकाऊ वस्तूची जागा ठरलेली होती आणि मूल ती बघून शिके. दुधाच्या पिशवीला अशी जागा कोणत्याच घरात नाही, म्हणून आज शिकवावे लागते. पाणी तापवण्याच्या चुलीत आग लवकर धरावी म्हणून प्लास्टिक घालण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यात पीव्हीसी या प्रकारचे प्लास्टिक असेल, तर अशा आगीत डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि ती शरीरातील चरबीत दीर्घकाळ साठून राहतात. त्या चुलीपुढे आई बसलेली असते, मूल बसलेले असते, आणि चुलीतली राख पुढे अळवाच्या व भेंडीच्या मुळाशी जाते.

सफाई कामगारांच्या मुद्द्यातील एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. लहान मुलांना उघड्या हातांनी कचरा वेचायला लावणे, त्यांना काचा, सुया किंवा वापरलेली सॅनिटरी पॅड असलेल्या ढिगाजवळ नेणे आणि झाडू हातात देऊन छायाचित्रे काढणे चुकीचे आहे. तसे होत असेल तर पालकांनी ते थांबवावे, मीही त्यांच्या बाजूने उभा राहीन. परंतु ‘सफाई कामगार बनवता का’ या प्रश्नात त्या कामाविषयीची जी तुच्छता आहे, ती मला सलते. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात झाडू ही अपमानाची वस्तू ठरू नये. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून वेगळी ठेवणारे मूल कोणाचे काम हिरावत नाही. पुढे त्या कचऱ्यात हात घालणाऱ्या माणसाला सडक्या घाणीपासून ते वाचवते. आणि स्थानिक संस्थेचे कामही घरातून वेगळा केलेला कचरा आल्याशिवाय नीट होत नाही. वेंगुर्ले नगर परिषदेला कचरा टाकण्याच्या जागेचे लोक पाहायला जातील असे स्थळ करता आले, त्यामागे घरातूनच होणारे वर्गीकरण होते.

या संदर्भात शाळांनीही एक गोष्ट सुधारली पाहिजे. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धेसाठी पालक दुकानातून नवीन साहित्य विकत आणतात, आणि चार दिवसांनी तेच कचऱ्यात जाते. कमी कचरा म्हणजे काय, हे सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर बांधली जाणारी माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, अधिक चांगले शिकवते: नारळ, सुपारी, कवंडळे, आंब्याचे टाळे, सगळे रानातले आणि आगरातले, विसर्जनानंतर मातीत जाणारे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे त्याच वेळी सांगता येते. आमच्या वर्गात वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी चिकू, बोरे किंवा चणे-गूळ वाटले जातात.

शेवटचा आक्षेप, मोठी माणसे बदलत नाहीत. सेशेल्स बेटांवरील एका अभ्यासात (२०१३) पाणथळ जागांविषयी शिकलेल्या मुलांच्या पालकांचे ज्ञान आणि घरातील पाण्याचा वापर, दोन्ही इतरांपेक्षा चांगले आढळले. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना या किनारी राज्यात चौथी-पाचवीच्या मुलांनी समुद्री कचऱ्याविषयी गावकऱ्यांसमोर आणि लोकप्रतिनिधींसमोर मांडणी केली, तेव्हा ऐकणाऱ्यांची या प्रश्नाविषयीची आस्था वाढल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या वाडीत असा अभ्यास कोणी केलेला नाही. मात्र न्हाणीच्या चुलीत पिशवी टाकू देत नाही, अशी नातवाची तक्रार घेऊन एक आजी शाळेत आल्या होत्या, आणि नीट ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले होते, ‘‘मग त्या पिशव्या ठेवू तरी कुठे?’’ तेव्हापासून शाळेच्या पडवीत धुतलेल्या पिशव्यांसाठी एक गोणपाट टांगलेले आहे.

यंदाचा चर दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी उकरला जाईल. मुलांना घरी ठेवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी त्या दिवशी त्यांच्याबरोबर यावे. वहीतले अंदाज मुले स्वतः वाचून दाखवतील.