पी हळद, हो चॅम्पियन!

अमेरिकेतल्या एका प्रशिक्षकाबद्दलचा फॉरवर्ड आता पालकांच्या ग्रुपवर पोचलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे. भाची ज्या कॉलेजकडून कबड्डी खेळते, तिथल्या ग्रुपवर तो पडला. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'आपणही असाच नावाजलेला माणूस आणू, अर्धा संघ पहिल्याच दिवशी बदलू.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस, आणि बदलायच्या सहा जणींसकट ठरावही तयार.

मजकूर थोडक्यात असा: 'अमेरिकेतलं कोलोरॅडो विद्यापीठ. फुटबॉल संघ १२ पैकी ११ सामने हरलेला. तिजोरीत खडखडाट. तरी त्यांनी धाडस केलं आणि कोचिंगचा अनुभव नसलेल्या एका सुपरस्टारला प्रशिक्षक नेमलं. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्या आळशी खेळाडूंना घरी पाठवलं. त्याच वर्षी संघ चॅम्पियन! देशातला सर्वोत्तम खेळाडूही त्यांचाच! नेता बदला, सगळं बदलतं.' शेवटी जोडलेले हात आणि आगीच्या ज्वाळा.

१२ पैकी ११ हरले, हे खरं आहे. २०२२ चा हंगाम तसाच गेला. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू आणि हेल्मेटवाला. सुपरस्टार म्हणजे डिऑन सँडर्स, हॉल ऑफ फेममधला बचावपटू. सुपर बोल (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) आणि बेसबॉलची वर्ल्ड सीरिज, दोन्हींत खेळलेला एकमेव माणूस. ३ डिसेंबर २०२२ ला त्याची नेमणूक झाली. इथून पुढे फॉरवर्ड घसरत जातो.

'त्याच वर्षी चॅम्पियन' हे सगळ्यात सोपं प्रकरण. कोलोरॅडोच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर दर हंगामाचे निकाल सामन्यागणिक पडून आहेत, दोन मिनिटांत बघून होतात. २०२३: ४ विजय, ८ पराभव, आणि पॅक-१२ या १२ संघांच्या गटात शेवटचा क्रमांक. २०२४: ९ विजय, ४ पराभव. गटही बदलला होता, आता बिग-१२. तिथे चार संघ बरोबरीत राहिले, टायब्रेकरमध्ये कोलोरॅडो मागे पडलं आणि अंतिम सामना हुकला. नंतर अलामो बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून ३६-१४ असा मार खाल्ला. २०२५: ३ विजय, ९ पराभव. तीन वर्षांत एकही किताब नाही. १ वरून ४ आणि ४ वरून ९ ही चढण खरी आहे, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण चॅम्पियन? फॉरवर्ड बहुधा सप्टेंबर २०२३ च्या बातम्यांवर वाढलाय. तेव्हा पहिल्याच सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय उपविजेत्या टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) ४५-४२ असं हरवलं आणि अख्खी अमेरिका वेडी झाली होती. ऑक्टोबरची बातमी फॉरवर्ड होत नाही. १३ ऑक्टोबरला स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० अशी आघाडी होती, घरचं मैदान होतं, आणि सामना ४६-४३ असा घालवला.

'अनुभव नसलेला' हेही चूक. कोलोरॅडोआधी तो जॅक्सन स्टेटचा मुख्य प्रशिक्षक होता. तीन हंगाम, २७ विजय, ६ पराभव, दोन वेळा गटविजेतेपद. स्पर्धेची पातळी खालची होती, पण रोजचं काम तेच: सराव आखणं, सहायक नेमणं, मुलं मिळवणं. त्याला 'फक्त स्टार' म्हणणं हा खरं तर त्याचाच अपमान.

आता मुख्य मुद्दा, ज्यामुळे डोकं फिरलं. 'सगळ्या आळशी खेळाडूंना घरी पाठवलं.'

मुलांना त्याने पहिल्याच बैठकीत बजावलं होतं की आपण आपले खेळाडू घेऊन येतोय, तुम्ही पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) उड्या मारा. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. वसंतातल्या सरावसामन्यानंतर तर रांगच लागली. एकूण ५० हून जास्त खेळाडू गेले, ८० हून जास्त नवे आले, शिष्यवृत्तीवरचे जुने जेमतेम १० उरले. त्यातला कोण आळशी होता, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला स्वप्नात दिसलं असावं. प्रशिक्षक बदलला की त्याला हव्या त्या शैलीत न बसणारेही जातात.

आणि हे शक्य झालं ते कडक शिस्तीमुळे नाही, नियमांमुळे. २०२१ पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं. त्याआधी एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. वर्षाला २५ च नवे घ्यायचे, ही मर्यादा २०२२ मध्ये उठली. आणि तिसरा नियम फॉरवर्डमधून साफ गायब आहे. नवा मुख्य प्रशिक्षक पहिल्या वर्षी एखाद्याला संघातून काढू शकत होता, पण त्या मुलाची शिष्यवृत्ती विद्यापीठाला चालू ठेवावी लागत होती. फक्त ती संघाच्या तेव्हाच्या ८५ शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेत धरली जात नव्हती. म्हणजे संघातून काढलेला मुलगा वर्गात बसून पदवी घेऊ शकत होता. तरीही अनेकांना खालच्या पातळीवरच्या संघांत जावं लागलंच. आता सांगा, आपल्याकडे संघातून काढलेल्या पोराला कुठलं पोर्टल आहे? वसतिगृहाची खोली आणि फीमाफी संघातल्या जागेवर टिकून असेल, तर त्याची बॅग खरोखरच घरी जाते.

हे झालं माणुसकीचं. खेळाच्या अंगानेही हा उपाय अंगलट आला, आणि नेमका कुठे आला ते बघण्यासारखं आहे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, इथे डिऑनचाच मुलगा शेड्यूर. त्याच्यापुढे पाच जणांची भिंत असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. एकेक जण १३५-१४० किलोचा. चेंडू मागे आल्यापासून तीनेक सेकंद समोरच्यांना थोपवायचं, एवढंच काम. समोरचे सरळ येत असते तर नुसतं वजन पुरलं असतं. पण ते वाटा बदलतात. बाहेरचा आत घुसतो आणि आतला त्याच्या पाठीमागून वळसा घालून बाहेर निघतो. तेव्हा आपल्या टॅकलने आणि गार्डने अर्ध्या सेकंदात माणसांची अदलाबदल करायची. एकाने 'हा माझाच' म्हणून पाठलाग केला की दोघे एकाच माणसावर पडतात आणि दुसरा मोकळा सुटून थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर.

कबड्डीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक साखळी करून उभे असतात. कोपरारक्षकाने पाय पकडायला झेप घेतली आणि मध्यरक्षकाला ती झेप आधी कळली नाही, तर चढाईपटू त्या फटीतून रेषा गाठतो. दोघंही एकेकटे उत्तम असतील, पण ती वेळ जुळायला सोबत काढलेले हंगाम लागतात.

बाहेरच्या मैदानावर तर आणखी पंचाईत. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात क्वार्टरबॅकची हाक पोचतच नाही. मग गार्ड मागे वळून त्याची खूण बघतो, सेंटरला थाप मारतो, सेंटर मान हलवतो, आणि ठरलेल्या ठोक्याला चेंडू सुटतो. हे पाचही जणांच्या अंगात भिनलेलं असावं लागतं. एक क्षण उशीर झाला की टॅकल मागे पडतो, एक क्षण घाई झाली की दंड.

अशी लाइन पोर्टलवर आयती मिळत नाही. शाळेतून आलेला पोरगा पहिलं वर्ष बहुतेक व्यायामशाळेत काढतो, वजन आणि ताकद कमावतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास कामाचा होतो. तयार झालेला चांगला टॅकल त्याचं कॉलेज सहजासहजी सोडत नाही. बाजारात उरतात ते बरेचदा दुसरीकडे बाकावर बसलेले. कोलोरॅडोने २०२३ मध्ये हीच भिंत घाईने रचली. परिणाम: त्या हंगामात शेड्यूरला चेंडू हातात असतानाच ५२ वेळा पाडलं गेलं आणि पाठीच्या दुखापतीने शेवटचा सामना हुकला. २०२४ मध्ये आणखी ४२ वेळा. (चेंडू फार वेळ हातात ठेवायची खोड त्याचीही होती, सगळा दोष भिंतीचा नाही.) वेगवान पळणारे, झेल घेणारे नावाच्या ओढीने आले. भिंत आली नाही. ज्या भागाला सोबत घालवलेला वेळ लागतो, तिथेच 'सगळे बदला' हा मंत्र तोंडावर आपटला.

'सर्वोत्तम खेळाडू त्यांचाच' हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. ट्रॅव्हिस हंटरला २०२४ ची हाइझमन ट्रॉफी मिळाली. एकाच सामन्यात आक्रमण आणि बचाव, दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण वेळ खेळणारा असा खेळाडू कित्येक वर्षांत झाला नव्हता. पण तो 'घडवलेला' नव्हता. शाळेतून बाहेर पडताना तो देशातल्या अगदी वरच्या मानांकनाच्या मुलांत होता. डिऑनच्या नावापायी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून जॅक्सन स्टेटला गेला आणि तिथून त्याच्यासोबत कोलोरॅडोला आला. नामवंत माणसाची खरी ताकद हीच: एरवी फिरकले नसते असे दोन-चार हिरे तो आणू शकतो. क्वार्टरबॅक तर घरचाच. प्रशिक्षकाचा मुलगाच उत्तम क्वार्टरबॅक निघावा, ही योजना कुठली संस्था ठरावात कशी बसवणार, ते ग्रुपवरच्या ठरावबहाद्दरांनी सांगावं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, दोघेही गेले. त्यानंतरचा हंगाम वर दिलाच आहे: ३-९. त्या उन्हाळ्यात डिऑनवर मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि तरी तो मैदानावर उभा राहिला, त्याबद्दल आदरच आहे. निकाल मात्र निकाल.

पैशाचं बघू. करार ५ वर्षांचा, २.९५ कोटी डॉलरचा, तेव्हाच्या दराने सुमारे २४० कोटी रुपये. क्रीडा संचालक रिक जॉर्ज तेव्हा उघड म्हणाले होते की एवढे पैसे अजून हातात नाहीत, पण येतील. आलेही. एप्रिल २०२३ मध्ये नुसत्या सरावसामन्याला बर्फात ४७ हजारांवर लोक आले. पुढच्या हंगामात घरचा प्रत्येक सामना हाउसफुल्ल. मैदान ५० हजारांचं. म्हणजे गुंतवणूक म्हणून हा सौदा पहिल्या दोन वर्षांत वाईट नव्हता. फॉरवर्डमधलं धाडसाचं वाक्य टिकतं. फक्त टीव्हीवर कोटींनी प्रेक्षक मिळाले म्हणजे तेवढे पैसे कोलोरॅडोच्या खात्यात पडले, असं समजू नका. प्रक्षेपणाचा पैसा गटाकडे जातो आणि तिथून सदस्यांत वाटला जातो. शिवाय मार्च २०२५ मध्ये ५.४ कोटी डॉलरचा नवा करार झाला, आणि ३-९ चा हंगाम त्याच्या नंतरचा आहे.

राहिलं 'नेता बदला, सगळं बदलतं'. मग हेच सूत्र इतरांना लावून बघा. बिल बेलिचिक, मुख्य प्रशिक्षक म्हणून ६ सुपर बोल जिंकलेला. डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने त्याला आणलं, पहिला सामना ४८-१४ असा हरले, हंगाम ४-८. त्याच महिन्यात दोन नामवंत माजी खेळाडू, एके काळी एकाच संघात खेळलेले, दोन छोट्या कॉलेजांचे प्रशिक्षक झाले: मायकल विक नॉरफोक स्टेटला, डिशॉन जॅक्सन डेलावेअर स्टेटला. पहिल्या हंगामात विकचा संघ १-११, जॅक्सनचा ८-४. नाव दोघांचंही मोठं. कावळा कुठे बसला आणि फांदी कुठे मोडली, ते ज्याने त्याने ठरवावं.

आणि खरा चमत्कार झाला तो इंडियाना विद्यापीठात, ज्यावर फॉरवर्ड येत नाही. २०२३ मध्ये ३-९. मग कर्ट सिग्नेटी आला. साठी ओलांडलेला, मुख्य प्रशिक्षक म्हणून तोवर छोट्या कॉलेजांतच घासलेला. आपल्याकडच्या ग्रुपांना सोडा, अमेरिकेतल्या अर्ध्या लोकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. पत्रकारांना त्याने सरळ सांगितलं, 'मी जिंकतो. गूगल करा.' त्यानेही संघ मोठ्या प्रमाणात बदलला, हे खरं. पण जुन्या कॉलेजातून १३ खेळाडू सोबत आणले, आणि आक्रमण-बचावाचे मुख्य सहायकही स्वतःचेच. म्हणजे बऱ्याच जणांना डावपेच आधीच पाठ होते. २०२४ ला ११-२. २०२५ ला १६-० आणि राष्ट्रीय किताब.

भाचीच्या ग्रुपवरच्या मंडळींना नामवंत माणूस आणायचाच असेल तर जरूर आणा, शिबिराला बोलवा, बक्षीस वाटायला बोलवा, मुलींना त्याच्याकडून चढाईचे चार डाव शिकू द्या. फक्त तो ठराव मागे घ्या. त्यात पहिल्याच दिवशी बदलायच्या म्हणून ज्या सहा जणी आहेत, त्यातल्या दोघी तीन वर्षं एका बाजूला साखळी धरून खेळतायत.